क्रूझ कोचीला दिवसभर थांबते. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जुने शहर पायी पाहता येईल का?

गोदाकाठ, परभणी यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मुंबईहून निघणाऱ्या एका क्रूझचे आरक्षण आम्ही केले आहे. सोबत आई-वडील, पत्नी आणि नववीत शिकणारी मुलगी आहे. जहाज शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास कोचीला लागते आणि सायंकाळी साडेपाचला सुटते. मात्र प्रवाशांनी साडेचारपर्यंत जहाजावर परतले पाहिजे, असे कागदपत्रांत स्पष्ट लिहिले आहे. कंपनीची स्वतःची बसची सहल आहे, परंतु पाच माणसांचा तिचा खर्च पाहता आणि प्रत्येक ठिकाणी मिळणारा वेळ पाहता ती घ्यावीशी वाटत नाही. वडिलांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. जुने शहर बसच्या खिडकीतूनच पाहायचे असेल तर परभणीत बसून टीव्हीवर पाहिलेले काय वाईट, असे त्यांचे म्हणणे आहे.

वडील बहात्तर वर्षांचे असून रोज सकाळी फिरायला जातात. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आईचे वय अडुसष्ट. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर ती हळूहळू अर्धा-पाऊण तास चालते, जिने मात्र नकोत. आमच्यापैकी कोणालाही मल्याळम येत नाही. जहाज ज्या धक्क्याला लागते तेथून जुन्या भागात कसे जावे, पायी फिरताना कोणत्या गोष्टींची काळजी घ्यावी, आणि वेळेचा हिशेब कसा ठेवावा म्हणजे शेवटी धावपळ होणार नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ऊन आम्हाला नवे नाही, पण तिकडच्या दमट हवेविषयी बरेच ऐकले आहे.

औसेकर, लातूर यांचे उत्तर

आपल्या वडिलांचे म्हणणे मला पटते. ज्या भागाविषयी आपण विचारता तो फोर्ट कोचीचा भाग पायी पाहण्यासारखाच आहे. फक्त ‘पायी’ या शब्दाची मर्यादा आधी ठरवून घ्यावी. जहाजापासून जुन्या शहरापर्यंत वाहनाने जावे, जुन्या शहरात पायी फिरावे, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाताना पुन्हा रिक्षा करावी. हे तीन तुकडे वेगळे ठेवले, तर आपल्या आईंनाही त्रास होणार नाही.

क्रूझ जहाजे विलिंग्डन बेटावरील धक्क्याला लागतात. हे बेट निसर्गाने घडवलेले नाही. रॉबर्ट ब्रिस्टो हे बंदर अभियंते १९२० मध्ये कोचीला आले; बंदराच्या तोंडाशी मोठ्या जहाजांना अडवणारा वाळूचा बांध त्यांच्या देखरेखीखाली कापण्यात आला, आणि खोदकामातून निघालेल्या गाळाची भर घालून हे बेट तयार झाले. सांगण्याचे कारण असे की, नकाशात फोर्ट कोची पाण्यापलीकडे अगदी हाकेच्या अंतरावर दिसते आणि माणसाला वाटते की चालत जाता येईल. प्रत्यक्षात रस्ता थोप्पुमपडीकडून मोठा वळसा घेतो, त्यावर अवजड वाहनांची रहदारी असते आणि पाहण्यासारखे वाटेत काही नसते. तेथे एक पाऊलही वाया घालवू नये. रिक्षा किंवा मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी करावी आणि जाण्यास अर्धा तास धरावा. आपण पाच जण असल्याने एका रिक्षात मावणार नाही. दोन रिक्षांत विभागून जाण्यापेक्षा एक मोठी टॅक्सी करणे सोयीचे पडेल. धक्क्याच्या फाटकाशी उभे असलेले चालक दिवसभराचे पॅकेज सांगतात. नको असल्यास ‘फक्त फोर्ट कोचीपर्यंत’ असे स्पष्ट सांगून भाडे आधीच ठरवावे.

फोर्ट कोचीत उतरण्यासाठी वास्को द गामा चौक चांगला. तेथून मासे पकडण्याची चिनी जाळी, काठावरची पायवाट, सेंट फ्रान्सिस चर्च, समोरचे परेड मैदान, पुढे प्रिन्सेस स्ट्रीट आणि सांताक्रूझ बॅसिलिका हा सगळा परिसर रमतगमत चालले तरी दोन-अडीच तासांत होतो. रस्ते सपाट आहेत, जुन्या रेन ट्रीची सावली बऱ्याच ठिकाणी आहे, आणि बसण्यासाठी कॉफीची दुकाने पावलोपावली आहेत. आपल्या आईंनी सलग चालण्याची गरजच पडत नाही. त्या परेड मैदानाच्या कडेला झाडाखाली बसल्या आणि बाकीचे काठापर्यंत जाऊन आले, असेही करता येईल.

शुक्रवारचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, कारण फोर्ट कोचीला लागून असलेल्या मट्टनचेरी भागातला डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि तेथील परदेशी सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, पर्यटकांसाठी शुक्रवारी व शनिवारी बंद असते. सकाळी आधी मट्टनचेरी गाठायचे, या विचाराने पुष्कळ प्रवासी तिकडे धाव घेतात आणि कुलूप पाहून परततात. आपण सकाळ पूर्णपणे फोर्ट कोचीला द्यावी. मट्टनचेरीची गल्ली दुपारनंतर तास-सव्वा तासात, तीही इच्छा असेल तर, पाहावी.

वेळेचा हिशेब उलटा करावा. साडेचारला जहाजावर असणे आवश्यक आहे, म्हणजे चारला बंदराच्या फाटकाशी असावे, कारण तेथे ओळखपत्र तपासतात, सामान यंत्रातून जाते आणि त्याच वेळी सगळ्या बसही परतलेल्या असतात. चारला फाटकाशी पोहोचायचे तर सव्वातीनला जुन्या शहरातून गाडीत बसलेले असावे, कारण त्या सुमारास शाळा सुटतात आणि थोप्पुमपडीला गाड्या तुंबतात. जहाज आठला लागले तरी खाली उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत नऊ वाजतात. म्हणजे आपल्या हातात प्रत्यक्षात साधारण सहा तास आहेत, त्यांतले दोन तास दुपारच्या उन्हात जेवण आणि विश्रांतीसाठी सोडावेत. उरलेल्या वेळात जे होईल तेवढेच पाहावे. सगळे पाहण्याच्या नादात दम लागतो आणि नेमके रस्ता ओलांडताना लक्ष जात नाही.

डॉक्टर, नांदेड यांचे उत्तर

औसेकरांनी मार्गाविषयी नीट सांगितले आहे. मी केवळ प्रकृतीविषयी लिहितो, कारण ‘ऊन आम्हाला नवे नाही’ हे वाक्य वाचून थोडी काळजी वाटली.

परभणी-नांदेडचे मे महिन्यातले ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे असले तरी हवा कोरडी असते. घाम येतो, लगेच वाळतो, आणि तो वाळताना शरीर थंड होते. कोचीत फेब्रुवारीत पारा बत्तीसच्या आसपास असतो, परंतु हवेत बाष्प इतके असते की घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि वाळत नाही. शरीर थंड होत नाही, पाणी व क्षार मात्र निघून जातात. शिवाय तापमान कमी वाटल्यामुळे आपल्याकडची माणसे तेथे डोक्यावर रुमालही घेत नाहीत. अशा वेळी पहिली लक्षणे साधी असतात: पायात गोळे येणे, डोके जड होणे, चिडचिड, मळमळ. वडील माणसे ‘काही नाही, चला’ म्हणतात. तेव्हा न चालता सावलीत किंवा पंख्याखाली बसवावे, कपडे सैल करावेत, मानेला व चेहऱ्याला ओला रुमाल लावावा आणि घोट घोट पाणी द्यावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा माणूस भान हरपू लागला, तर मात्र तो उष्माघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी केरळातही १०८ हाच क्रमांक आहे.

आपल्या वडिलांची रक्तदाबाची गोळी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या प्रकारची आहे का, हे निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. तशी असल्यास पाण्याचे आणि क्षारांचे प्रमाण किती ठेवावे, हे तेच सांगतील. ओआरएसची पाकिटे सोबत ठेवावीत, पण रक्तदाबाच्या रुग्णाने ती सरबतासारखी दिवसभर पिऊ नयेत. तहान भागवण्यासाठी साधे पाणी आणि शहाळे पुरते. गोळी मनाने बंद करू नये. लघवीला जावे लागेल म्हणून पाणीच न पिणे हा प्रकार विशेषतः आपल्याकडच्या स्त्रिया प्रवासात हमखास करतात. त्यापेक्षा जहाजावरून उतरण्यापूर्वी आणि नंतर जेवणाच्या ठिकाणी सोय पाहून घ्यावी.

आणखी एक लहानसे. जहाजावरून जमिनीवर उतरल्यावर काही लोकांना पहिला काही वेळ जमीन डोलल्यासारखी वाटते. आईंचे गुडघे कमकुवत असल्याने त्या वेळी कोणीतरी त्यांचा हात धरावा, विशेषतः जहाजाच्या उतरत्या फळीवर. काठी असेल तर संकोच न करता न्यावी. पायात मागून पट्टा असलेली, तळव्याला पकड असलेली पादत्राणे हवीत. नवी पादत्राणे त्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

तेरचा वाटसरू, धाराशिव यांचे उत्तर

आपले वडील इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून थोडे विषयाच्या कडेने लिहितो. काळजीचा मुद्दा शेवटी येईलच.

आपण समुद्रापासून दूरची माणसे, आपला बंदरांशी काय संबंध, असे मराठवाड्यात सहज बोलले जाते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी-खलाशाच्या वर्णनात पैठण आणि तेर या दोन्ही गावांचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तेर. पैठणहून रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जात असे. त्याच वर्णनात केरळ किनाऱ्यावरील मुझिरिस या बंदराचा उल्लेख आहे, जेथून मिरी जहाजांत भरली जाई. हे बंदर कोडुंगल्लूरच्या परिसरात होते असे मानतात. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या मोठ्या पुराने तेथील बंदर गाळाने भरले, कोचीजवळचे मुख रुंद झाले आणि व्यापार हळूहळू इकडे सरकला. म्हणजे आपले वडील ज्या काठावर उभे राहतील, तेथील मिरीचा व्यापार आणि तेरच्या संग्रहालयातील रोमन वळणाच्या वस्तू ही एकाच जुन्या देवघेवीची दोन टोके आहेत. निघण्यापूर्वी त्यांना तेरचे लामतुरे संग्रहालय दाखवून आणावे. कोची पाहताना त्यांना अधिक आनंद वाटेल.

फोर्ट कोची म्हटल्यावर किल्ला शोधू नये. नळदुर्ग, परांडा, औसा पाहिलेल्या माणसाला तेथे तटबंदी, बुरूज, खंदक दिसतील अशी अपेक्षा असते. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये किल्ला बांधला, १६६३ मध्ये तो डचांनी घेतला, १७९५ मध्ये इंग्रजांनी. आणि पुढे इंग्रजांनी तटबंदी बहुतेक पाडून टाकली. आज एका बुरुजावर उभी असलेली डच इमारत, म्हणजे बॅस्टिअन बंगला, आणि काठावरचे काही अवशेष एवढेच दिसते. किल्ला पाहायचा म्हणून उन्हात भटकणारे आपल्याकडचे लोक मी पाहिले आहेत.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये मात्र घाई करू नये. १५०३ मध्ये लाकडी उभारणीपासून सुरू झालेले हे चर्च आहे. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरमध्ये कोचीतच वारला आणि येथेच पुरला गेला. चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. जमिनीत बसवलेली त्याची शिळा उजव्या बाजूला कठड्याच्या आत आहे. छताला टांगलेले लांब कापडी पंखे जरूर पाहावेत: आडव्या दांड्याला झालरीसारखे कापड, त्याला बांधलेली दोरी, आणि ती दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली. प्रार्थना चालू असताना आत बसलेल्यांना वारा मिळावा म्हणून बाहेर बसलेला माणूस ती ओढत असे. आपल्या मुलीला हे दाखवावे. वसाहतीचा काळ म्हणजे काय, हे त्या भोकाकडे पाहून चटकन कळते. डच दफनभूमीला सहसा कुलूप असते, फाटकातून दिसते तेवढे पुरे.

आता काळजीचा मुद्दा. मट्टनचेरीला जाणार असाल तर ज्यू टाऊनची गल्ली पायी फिरण्यास ठीक आहे, परंतु तेथून काठाकाठाने जाणारा बाजार रोड हा जुन्या वखारींचा रस्ता आहे आणि कामाच्या दिवशी तो आपल्या मोंढ्यासारखा असतो: अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ट्रक, पाठीवर पोती घेऊन खाली मान घालून येणारे हमाल, आणि पदपथाचा पत्ता नाही. फोटो काढण्यासाठी माणसे रस्त्याच्या मधोमध थांबतात आणि मागून छोटा टेम्पो मागे येत असतो. आल्याचा, सुंठीचा वास दारातूनही येतो. आपण वडिलांसह कडेला उभे राहून पाहावे, आईंना घेऊन तेथे चालू नये. सिनेगॉग १५६८ चे. ज्यांचे ते आहे ते कोचीचे यहुदी आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांहून वेगळे. शुक्रवारी आत जाता येणार नाही, पण त्याचा घड्याळाचा मनोरा गल्लीच्या टोकाशी बाहेरूनही दिसतो.

भाषेची चिंता करू नये. हिंदी आणि मोडक्या इंग्रजीवर भागते. मट्टनचेरीजवळ चेरलाई भागात पोर्तुगीज काळात गोव्याहून गेलेल्या गौड सारस्वतांची जुनी वस्ती आहे. तेथे कानावर कोकणी पडली की आपल्या आईंना निम्मे तरी कळेल.

जालना, जुना मोंढा यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडणे योग्य वाटते. तरुण जोडपे असते तर मीही पायीच जा म्हटले असते. पण सोबत बहात्तर आणि अडुसष्ट वर्षांची माणसे आहेत. कंपनीच्या सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतःच्या भरवशावर गेलेल्या पाच माणसांसाठी ते थांबत नाही. सहलीचे पैसे लोक महाग म्हणतात, पण त्यात हा भरवसाही विकत घेतलेला असतो. निदान आई-वडिलांना सहलीत पाठवून आपण तिघांनी पायी फिरावे, असा मधला मार्ग मी सुचवेन.

तरीही आपण सगळे मिळून पायीच जाणार असाल, तर कागदपत्रांची व्यवस्था अशी ठेवावी. जहाजाचे कार्ड आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात असावे. सगळ्यांची कार्डे एकाच पर्समध्ये ठेवली की ती पर्स हरवली, किंवा ती पर्स घेतलेला माणूस चुकामूक होऊन दूर गेला, की पाचही जण फाटकाबाहेर. जहाजावर रोज जे दिनक्रमाचे पत्रक मिळते त्यावर बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक असतो. त्याचा फोटो दोन मोबाइलमध्ये काढून ठेवावा आणि वडिलांकडे तो कागदावर लिहून द्यावा. उशीर होतो आहे असे वाटताच, म्हणजे झाल्यावर नव्हे, त्या क्रमांकावर कळवावे. दिवसभराची औषधे आणि वर आणखी एका दिवसाची, चष्मा, थोडी रोख रक्कम आणि चार्जर हे अंगावरच असावे. जहाज सुटलेच तर आभाळ कोसळत नाही. कोचीतल्याच एर्नाकुलम जंक्शनवरून मुंबईकडे रेल्वे आहे, विमान आहे. पण औषधे केबिनमध्ये राहिली तर वडिलांची रात्र कठीण जाईल.

मोबाइलविषयी एक सूचना. समुद्रात असताना फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण काही जहाजांवरचे उपग्रह नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचे दर ऐकून धक्का बसतो. बंदरात उतरल्यावरच मोड काढावा. फोर्ट कोचीचा नकाशा आधीच घरून उतरवून ठेवला म्हणजे नेटवर्क गेले तरी अडत नाही.

गोदाकाठ, परभणी यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना तेर आणि पैठणची माहिती वाचून दाखवली. ते आता तेरला कधी जायचे एवढेच विचारत आहेत. जालन्याच्या दादांचे म्हणणे आम्ही गांभीर्याने घेतले आणि घरात चर्चाही केली. आईने स्वतःच सांगितले की बसमध्ये अनोळखी लोकांबरोबर चढ-उतार करण्यापेक्षा तिला झाडाखाली बसणे आवडेल. त्यामुळे मट्टनचेरी वगळून फक्त फोर्ट कोची पाहायचे आणि तीनलाच परत निघायचे, असे ठरत आहे.

दोन शंका उरल्या आहेत. एक म्हणजे, चिनी जाळ्यांजवळ पैसे मागतात, रिक्षावाले जबरदस्तीने दुकानात नेतात, असे काहींनी सांगितले. यात कितपत तथ्य आहे? दुसरे, वॉटर मेट्रोचे नाव बरेच ऐकले. मुलीला तीत बसायचे आहे. आमच्या वेळेत ते बसेल का?

औसेकर, लातूर यांचे उत्तर

आपला निर्णय योग्य आहे. मट्टनचेरी शुक्रवारी सोडल्याने फारसे नुकसान नाही.

जाळ्यांविषयी. ती पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. किनाऱ्यावर रोवलेल्या मोठ्या वाशांच्या चौकटीला पुढे जाळे टांगलेले असते आणि मागच्या बाजूला दोरांना मोठमोठे दगड ओळीने बांधलेले असतात. चार-सहा माणसे चौकट कलवून जाळे पाण्यात सोडतात, थोड्या वेळाने दोर ओढतात, आणि दगडांच्या भाराने सगळा सांगाडा करकरत वर येतो. एखादा कोळी आपल्याला हात करून फळीवर बोलावतो, दोर ओढू देतो, फोटो काढू देतो आणि मग पैसे मागतो. यात फसवणूक म्हणावी असे मला वाटत नाही. मासळीवर भागत नसल्याने हाही त्यांच्या उत्पन्नाचा भाग झाला आहे. फक्त रक्कम आधी विचारावी. माझी खरी हरकत त्या फळीला आहे: ती ओली आणि शेवाळलेली असते, खाली दगड आणि पाणी असते, कठडा नसतो. वडिलांना आणि आईंना तेथे चढू देऊ नये. मुलगी गेली तर आपण तिच्यासोबत जावे. काठावरून सगळे व्यवस्थित दिसते. काठाची फरसबंदी काही ठिकाणी खचलेली आहे, तेव्हा मोबाइलकडे पाहत चालू नये. आणि तेथील वाळूवर उतरून पाण्यात पाय घालण्याचा मोह मुलीला होईल, पण ते बंदराचे तोंड आहे. मोठी जहाजे तेथून ये-जा करतात, ओढ जोरात असते.

जाळ्यांजवळच मासळी विकतात आणि शेजारची हॉटेले ती शिजवून देतात. आपण खात असाल तर वजन आपल्यासमोर करून घ्यावे, मासळीचा दर आणि शिजवण्याचा दर वेगवेगळा विचारावा. दुपारची वेळ असेल तर मात्र सकाळपासून उन्हात ठेवलेली मासळी घेऊ नये. शाकाहारी असाल तर आतल्या गल्ल्यांत भात-सांबाराचे साधे जेवण मिळते.

रिक्षावाल्यांचे जे ऐकले ते खरे आहे, पण त्याला जबरदस्ती म्हणता येणार नाही. काही दुकाने ग्राहक आणल्याबद्दल चालकाला काही देतात, म्हणून तो फारच थोड्या पैशांत ‘शहर दाखवतो’ म्हणतो आणि मग मसाल्याच्या, गालिच्यांच्या दुकानांपुढे थांबत जातो. अवाजवी स्वस्त भाडे सांगणाऱ्या रिक्षात बसूच नये. बसलात तर पहिल्या दुकानापाशीच, आवाज न चढवता, ‘आम्हाला खरेदी करायची नाही, पुढे चला’ असे सांगावे. तेथील माणसे सभ्य आहेत, ऐकतात. वेलदोडे, मिरी घ्यायचीच असेल तर आपल्याला हव्या त्या दुकानात पायी जाऊन घ्यावी.

वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिची वातानुकूलित, बॅटरीवर चालणारी बोट फोर्ट कोचीपर्यंत येते. एर्नाकुलमच्या बाजूला हायकोर्टजवळच्या स्थानकावरून ती सुटते. मुलीची हौस सकाळी जातानाच भागवावी: धक्क्यावरून टॅक्सीने हायकोर्टच्या स्थानकावर जावे आणि तेथून बोटीने फोर्ट कोचीला उतरावे. असे केल्याने वेळ थोडा अधिक लागतो, पण आईंना सरळ बोटीत चढता येते, खडबडीत रस्ता टळतो आणि विलिंग्डन बेट पाण्यातून दिसते. परत येताना मात्र बोटीवर विसंबू नये, कारण बोटीत जागा ठरावीक असते आणि दुपारनंतर फोर्ट कोचीच्या तिकीटखिडकीपुढे लांब रांग लागते. ती रांग किती वेळात सरकेल हे कोणालाच सांगता येत नाही. परतीसाठी टॅक्सीच करावी. सकाळच्या टॅक्सीचालकाचा स्वभाव बरा वाटला तर त्याचा क्रमांक घेऊन त्यालाच पावणेतीनला बॅसिलिकाजवळ बोलवावे.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती अशी की केरळात हरताळ अधूनमधून पुकारला जातो आणि त्या दिवशी दुकाने, रिक्षा, बस सगळे बंद असते. आदल्या रात्री किंवा सकाळी जहाजावरच्या स्वागतकक्षात चौकशी करावी. हरताळ असेल तर त्या दिवशी पायी फिरण्याचा बेत रद्द करून कंपनीची सहल घ्यावी, कारण पर्यटकांच्या गाड्या सहसा सोडतात, पण रस्त्यात रिक्षा मिळणार नाही आणि आईंना घेऊन अडकून पडाल. सहलीत जागा उरल्या आहेत का, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.